मागणीपत्र शिकवतो, हरकतपत्र कधी शिकवणार?



दहावीच्या वर्गात उपयोजित लेखन आलं की आपण मागणीपत्र आणि विनंतीपत्र यांचा भरपूर सराव करून घेतो. रोपवाटिकेकडून रोपं मागवा, पुस्तकांवर सवलत द्यावी म्हणून विनंती करा. मुलं प्रारूप पाठ करतात, प्रति, विषय, महोदय नीट लिहितात, गुणही मिळवतात. चांगलंच आहे. पण नागरिकाला आयुष्यात तिसऱ्या प्रकारचं पत्रही लिहावं लागतं. सरकारने एखादा आराखडा किंवा प्रस्ताव जाहीर केला आणि तो आपल्याला पटला नाही, तर 'हे मान्य नाही, कारणं अशी, त्याऐवजी असं करा' हे मुदतीत लिहून द्यायचं. कायद्याच्या भाषेत याला हरकत म्हणतात. हे पत्र आपण मुलांना शिकवत नाही. ते शिकवायला हवं, आणि आपल्याकडे तर लवकर शिकवायला हवं, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

शिवार बदलतंय

हिमायतनगर हे तालुक्याचं गाव. जुनी माणसं अजून वाढोणा म्हणतात. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं स्टेशन, भोकर-किनवट रस्ता, पलीकडे पैनगंगा आणि नदी ओलांडली की विदर्भ. चहूबाजूंनी कापूस, सोयाबीन, हळदीचं रान. अशा गावाला तहसील, नगरपंचायत, शाळा-कॉलेज, दवाखाने आले की माणसं येतातच. खेड्यापाड्यांतून लेकरांच्या शिक्षणासाठी येणारी कुटुंबं, नोकरदार, व्यापारी. त्यांना घरं लागतात. मग रस्त्याकडेच्या रानात खुंट्या ठोकल्या जातात, मुरमाचे रस्ते पडतात, कमान उभी राहते आणि 'एन.ए. प्लॉट विक्री चालू आहे' असा फलक लागतो. मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, वेशीबाहेर हेच चित्र दिसेल.

आता यात एक गोष्ट मोकळेपणाने बोलू. हे प्लॉट घेणारे कोण? मोठ्या प्रमाणात आपणच. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, बँकेतले कर्मचारी, पगारदार माणूस. त्यामुळे 'शेती वाचवा' असा फळ्यावर सुविचार लिहायचा आणि संध्याकाळी प्लॉट बघायला जायचं, यातला विरोधाभास मुलांना कळतो. शेतकऱ्यालाही बोल लावण्यात अर्थ नाही. पोरीचं लग्न, पोराची फी, दोन वर्षं बुडालेलं सोयाबीन आणि डोक्यावरचं कर्ज असताना रस्त्याकडेच्या एकराला आयुष्यात न पाहिलेला भाव आला, तर तो विकणारच. त्याने विकू नये हा उपदेश महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्याने करू नये.

म्हणून 'घरं हवीत की शेती हवी' या प्रश्नात अडकायला नको. घरं लागणारच. कुठे बांधायची, कुणासाठी बांधायची, पाण्याची आणि रस्त्याची सोय आधी की नंतर, आणि हे ठरवताना गावाला विचारणार की नाही, हे खरे प्रश्न आहेत. हरकत या प्रश्नांवर घ्यायची असते.

आपल्याकडे मात्र हरकत घेतली जाते ती पारावर. "ह्यो वढा बुजवायलेत, उद्या पाणी घरात शिरतंय बघा!" असं चार जण चहा पिताना म्हणतात. बोलतात ते अगदी बरोबर. पण ते कुठल्याच फाइलला लागत नाही. पाच वर्षांनी ओढ्याचं पाणी खरंच घरात शिरतं, तेव्हा तेच चार जण म्हणतात, "आमी तवाच म्हणलं व्हतं." कुणाला म्हणलं होतं? कागद कुठाय?

वसईच्या गावांनी काय केलं

घरबांधणीच्या प्रस्तावाला गावांनी विरोध करण्याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण वसईचं आहे. तिथल्या एका माणसाची आपल्या मराठवाड्याशीही ओळख आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. लेखक म्हणून, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण वसईतली माणसं त्यांना आणखी एका कारणासाठी ओळखतात, ते म्हणजे हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन.

वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे केळीच्या बागा, पानमळे, फुलं, भाजीपाला, विहिरी आणि बावखलं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं तिथलं पारंपरिक तळं. मुंबईची लोकल दाराशी आली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही हिरवी जमीन इमारतींसाठी खुली करण्याची पावलं सरकारने उचलली. १९९० मध्ये सिडकोला या भागाचं नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. मोकळ्या जमिनीवर बिल्डरांचा डोळा होता, विहिरींचं पाणी टँकरने उपसून नव्या इमारतींना विकलं जात होतं. गावं उठली. धर्म, जात, पक्ष बाजूला ठेवून शेतकरी, बागायतदार, बाया रस्त्यावर आल्या. मोर्चे निघालेच, पण आपल्या लेखासाठी मला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. या लोकांनी नियोजनाचे नकाशे वाचायला शिकून घेतलं, पाण्याचा प्रश्न मांडला, लेखी बाजू मांडत राहिले.

पुढे ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. अनेक गावांना महापालिकेत जायचं नव्हतं. 'आमची ग्रामपंचायत आम्हाला राहू द्या' ही मागणी इतकी जोरदार होती की त्याच वर्षी विधानसभेला याच प्रश्नावर विवेक पंडित वसईतून निवडून आले. २०११ मध्ये शासनाने २९ गावं महापालिकेतून वगळण्याचा निर्णय घेतला, मग तो वाद न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षं चालला.

वसई जिंकली की हरली? दोन्ही. पूर्वेकडे इमारतींचं जंगल उभं राहिलं, पश्चिमेकडे बराच हिरवा पट्टा टिकला. जुलै २०१८ च्या पावसात वसई परिसर दिवसेंदिवस पाण्याखाली होता, रेल्वे बंद पडली, मिठागरांत माणसं अडकली. पाणी जायच्या वाटा अडवू नका, असं गावकरी कित्येक वर्षं सांगत होते. त्यांना त्या वेळी 'विकासाचे विरोधक' म्हटलं गेलं होतं. पावसाने मात्र त्यांचं म्हणणं खरं ठरवलं.

वसईतून मुलांना सांगण्यासारखी गोष्ट ही की हरकत घेणारा सगळंच थांबवू शकत नाही. पण ज्या गावाने हरकत घेतली त्या गावाचं काहीतरी वाचतं. जे गाव गप्प बसलं त्याचं वाचेल याची काय खात्री?

किल्लारीने आपल्याला काय शिकवलं

वसई लांब पडते म्हणाल तर आपल्या शेजारी लातूरकडे बघू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. ही नवी गावं शेतजमिनीवरच वसवली गेली. सरकारने, संस्थांनी, देणगीदारांनी फार मोठं काम केलं, हे आधी मान्य करू. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला घर मिळणं हीच पहिली गरज होती.

पण गावाची मांडणी कशी झाली? शहरातल्या कॉलनीसारखे सरळ काटकोनात रस्ते, रांगेत घरं. घराचा आकार कुटुंबाकडे किती जमीन आहे त्यावर ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या खातेदारांना ७५०. जुन्या गल्ल्या, भावकी, वाडे, समोरासमोरचे ओटे या मांडणीत राहिले नाहीत. नवं गाव जुन्या गावठाणापेक्षा कितीतरी पसरलं. पसरलेल्या गावात नळाची लाइन लांब, गटार लांब, रस्ते जास्त, दिवाबत्ती जास्त, आणि हे सगळं सांभाळायला ग्रामपंचायतीची तिजोरी मात्र तेवढीच. कुणाचं रान दूर पडलं, जनावरं बांधायला जागा उरली नाही. पुढे लोकांनी आपल्या सोयीने गोठे, भिंती, ओसऱ्या वाढवून घेतल्या. म्हणजे जे आधी विचारायला हवं होतं, ते लोकांनी नंतर स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं.

तेव्हा घाई होती, संकट होतं. आज आपल्या गावाभोवती जे लेआउट पडतात, तिथे भूकंप झालेला नाही. विचारायला वेळ आहे. तरी विचारलं जात नसेल आणि आपणही सांगत नसू, तर त्याला काय म्हणायचं?

हरकत कुणाविरुद्ध?

इथे एक धोका आहे. 'गावाची जमीन वाचवा' ही घोषणा कधी कधी गरिबाच्या झोपडीवर जाऊन पडते. गायरानावर पाल टाकून राहणारा भूमिहीन माणूस आणि गायरान गिळायला निघालेला प्लॉटवाला, दोघांना एकच माप लावलं जातं. मराठवाड्यात तरी असं करू नये. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्यांच्या नावे कराव्यात, ही त्यातली मुख्य मागणी होती. त्या लढ्यांत मराठवाड्यातली माणसं तुरुंगात गेली आहेत. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं.

दुसऱ्या बाजूला, २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी बळकावण्याविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर १२ जुलै २०११ ला महाराष्ट्र शासनाने गायरान जमिनींचं वाटप रोखणारा निर्णय काढला. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना अपवाद म्हणून दिलेल्या जमिनींचा वेगळा विचारही आहे. म्हणजे न्यायालयानेही सगळ्यांना एका दावणीला बांधलेलं नाही.

म्हणून मुलांना सांगताना हे स्पष्ट सांगावं: हरकत घरांविरुद्ध नसते, ती पद्धतीविरुद्ध असते. घरकुल मंजूर झालंय पण जागा नाही, म्हणून थांबलेल्या माणसासाठीही आपण हरकत घेऊ शकतो. 'या आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी जागा दाखवलेली नाही, ती दाखवावी' हीसुद्धा हरकतच आहे. उलट, चांगली हरकत तीच.

रायगड-ठाण्याच्या शेतकऱ्यांनी हेच दाखवून दिलं. नवी मुंबई वसवण्यासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून पुढे जमीन देणाऱ्याला विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत मिळू लागला. शहर होऊच नये असं ते म्हणत नव्हते. आमच्या जमिनीवर शहर होणार असेल तर त्यात आमचाही वाटा हवा, एवढं त्यांचं म्हणणं होतं. एवढी साधी गोष्ट आधी कागदावर ऐकून घेतली असती, तर पाच जीव गेले नसते.

कायद्यात दार कुठे आहे?

पुष्कळ पालक म्हणतात, "सर, आपल्या लिहिण्यानं काय होणार? वरूनच ठरतं." काही वेळा तसं होतंही. पण कायद्याने ठेवलेली दारं आपण ठोठावलीच नाहीत, तर 'उघडलं नाही' असं म्हणता येत नाही. थोडक्यात पाहू.

पहिलं, शहराची विकास योजना. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप विकास योजना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर करावी लागते. त्यानंतर ३० दिवसांत कुणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. रान शेती विभागात आहे की रहिवास विभागात, ओढ्याची हद्द कुठे, शाळेला, बाजाराला, मैदानाला, स्मशानाला जागा कुठे, हे सगळं या नकाशात ठरतं. पुढची वीस वर्षं.

दुसरं, मंजूर योजनेतला बदल. शेती विभागातली जमीन रहिवासात घ्यायची तर कलम ३७ खाली, आणि प्रादेशिक योजनेत बदल असेल तर कलम २० खाली, सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती बारीक अक्षरातली जाहिरात वाचण्याची सवय लावायची.

तिसरं, अकृषिक परवानगी. हा भाग बदलला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतल्या सुधारणांनंतर गावठाणाजवळची जमीन अकृषिक करणं सोपं झालं आहे. म्हणजे गावाला खेटून असलेल्या रानाचा वापर बदलायला पूर्वीइतके अडसर राहिलेले नाहीत. म्हणूनच हरकत उशिरा नाही, नकाशाच्या टप्प्यावरच घ्यायची.

चौथं, वाट आणि पाणी. लेआउट टाकताना पाणंद अडवली, पाण्याचा प्रवाह बुजवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेतकरी तहसीलदारांकडे दाद मागू शकतो. सव्वाशे वर्षांच्या आसपासचा जुना कायदा, पण आजही कामाचा.

पाचवं, जमिनीचा प्रकार. भोगवटादार वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कलम ३६-अ चं कडक बंधन आहे. हिमायतनगर, किनवट, माहूर या भागात हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

सहावं, खरेदी करणाऱ्यासाठी. १ मे २०१७ पासून ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या प्लॉटच्या प्रकल्पाला महारेरा नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारणं, मंजूर लेआउट पाहणं, खुल्या जागेचे दहा टक्के कुठे आहेत ते प्रत्यक्ष जाऊन बघणं, हे आपण करू शकतो. पगारदार ग्राहकाने हे तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर विकणाऱ्यालाही शिस्त लागते. अनधिकृत तुकड्यांचं पुढे काय होतं ते माहीत आहेच. २००१ चा गुंठेवारी कायदा करावा लागला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवावी लागली. शुल्क भरून कागद नियमित होतो. पण बुजवलेला ओढा शुल्क भरून परत येत नाही.

हरकतपत्राचा नमुना

वर्गात देण्यासाठी एक साधा नमुना. नावं, क्रमांक काल्पनिक घ्यावेत.

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपंचायत कार्यालय.

विषय: प्रारूप विकास योजनेबाबत हरकत व सूचना (गट क्रमांक \_\_\_\_).

महोदय,
आपण दिनांक \_\_\_\_ रोजी प्रसिद्ध केलेल्या सूचनेनुसार मी मुदतीत पुढील हरकत नोंदवत आहे.
१) वरील गटातून वाहणारा ओढा नकाशात दाखवलेला नाही. गाव नकाशात तो दिसतो. प्रत सोबत जोडली आहे.
२) या गटाच्या पूर्वेकडून सहा शेतकऱ्यांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जाण्याची वाट आहे. प्रस्तावित रहिवास विभागात ती बंद होते.
३) परिसरातील मुलांसाठी शाळा व मैदान यांची जागा दाखवलेली नाही.
सूचना: ओढ्याची हद्द कायम ठेवावी, पाणंद नकाशात दाखवावी, खेळाच्या मैदानासाठी व बेघर कुटुंबांच्या घरांसाठी जागा राखून ठेवावी.
मला सुनावणीस हजर राहण्याची संधी द्यावी आणि या अर्जाची पोच मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, दिनांक)

या पत्रात बघा, राग कुठे नाही. 'आमच्या बापजाद्यांची जमीन' असं भावनिक वाक्यही नाही. भावना खरी असते, पण ती गट क्रमांकाच्या रूपात लिहिली की अधिकाऱ्याला तिच्यावर शेरा मारावाच लागतो. आणि शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा: पोच. मुलांना शिकवा, शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरायची नाही. उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, त्याखाली माहिती मागता येते आणि ती ३० दिवसांत द्यावी लागते.

वर्गात काय करता येईल?

इयत्ता सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन संस्था आहेत. तिथूनच सुरुवात करता येते. पुस्तकातला धडा आणि खिडकीबाहेरचं शिवार जोडलं की झालं.

*शिवारफेरी.* मुलांना गावाच्या एका बाजूला घेऊन जा. ओढा, विहीर, पाणंद, बांध, मोठी झाडं, स्मशानभूमी, नवा लेआउट, सगळं वहीत उतरवून घ्या. नंतर गाव नकाशा आणि सातबारा ऑनलाइन दाखवा. नकाशात काय आहे, जागेवर काय आहे, फरक शोधायला लावा. भूगोलाचा तास असा झाला तर मुलं विसरत नाहीत.

*गणिताचा तास.* एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या एका हेक्टरवर १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. रानात यातलं बरंच जमिनीत मुरतं. तिथे सिमेंटचे रस्ते, फरशा आणि स्लॅब झाले तर हे पाणी जाणार कुठे? उत्तर मुलांना काढू द्या. दोन हेक्टरच्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा म्हणजे किती? २,००० चौरस मीटर. त्यात खो-खोचं मैदान बसेल का, ते मोजायला सांगा.

*मराठीचा तास.* एक काल्पनिक जाहीर सूचना फळ्यावर लिहा. अर्ध्या वर्गाने हरकत लिहायची, अर्ध्या वर्गाने प्रस्तावाच्या बाजूने सूचना लिहायची. मग नियोजन समिती नेमून सुनावणी घ्या. एक गट जमीन विकणारा शेतकरी, एक गट प्लॉट घेणारं कुटुंब, एक गट शेजारचा शेतकरी, एक गट घर नसलेलं मजूर कुटुंब. चारही बाजू बोलल्या पाहिजेत. ज्या मुलाने विरोधी बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा मांडून मग त्याला उत्तर दिलं, त्याला जास्त गुण द्या.

काही सहकारी विचारतील, "शाळेत राजकारण कशाला?" शंका रास्त आहे. शिक्षकाने वर्गात कुठल्या पक्षाचा, कुठल्या बिल्डरचा किंवा कुठल्या पुढाऱ्याचा मुद्दा रेटू नये. चालू वादातला खरा गट क्रमांकही वर्गात घेऊ नये, कारण वर्गात दोन्ही बाजूंची लेकरं बसलेली असतात. पण हरकत कशी लिहायची हे शिकवणं म्हणजे कुठली हरकत घ्यायची हे शिकवणं नव्हे. भागाकार शिकवताना आपण कुणाच्या वाटणीचा निकाल लावत नाही, तसंच हे.

पालकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी 'प्रारूप', 'हरकती व सूचना', 'जाहीर सूचना' असे शब्द पेपरात दिसले, तर ते पान रद्दीत टाकण्याआधी लेकराला मोठ्याने वाचायला सांगा. त्यातलं अर्ध कळणार नाही. मग दोघं मिळून नगरपंचायतीत जा, भिंतीवर लावलेला नकाशा बघा, आपली गल्ली, आपलं रान, आपला ओढा त्यात शोधा. नकाशा सगळ्यांना बघता यावा म्हणूनच तो लावलेला असतो.

आपल्या गावाभोवती घरं होणार आहेत, आणि ती व्हायलाही हवीत. आज सहावीत बसलेली मुलं त्या घरांत राहायला जातील तेव्हा अंगणात पावसाचं पाणी तुंबेल की वाहून जाईल, मागच्या शेतकऱ्याला रानात जायला वाट असेल की नसेल, खेळायला मैदान असेल की नुसता फलक, हे त्या ३० दिवसांत बऱ्याच अंशी ठरतं. तेवढ्या दिवसांत एक पान मुद्देसूद लिहिता येणारी दहा मुलं जरी आपल्या प्रत्येक वर्गातून बाहेर पडली, तरी पारावरच्या बोलण्याला कागदाचा आधार मिळेल. या सत्रात मागणीपत्राच्या शेजारी एक तास हरकतपत्राला देऊन बघा.